खडकमळ्याचे रिपोर्ट

आम्रपाली ओव्हाळ आमच्या संस्थेत रक्त काढायला होती. नेमणुकीच्या कागदावर 'क्षेत्र तंत्रज्ञ' असा हुद्दा होता, तोही अकरा महिन्यांच्या करारावर. काम मात्र साधं होतं. लोकांच्या दारात जायचं, फॉर्म भरून घ्यायचा, दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची. राहायला ती दिघीला. वडील कोंडीराम भोसरीतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं काढून घरी बसले होते. रोज सकाळी मोरीपाशी अर्धा अर्धा तास खोकायचे. डॉक्टर म्हणायचे, बिडी सोडा. त्यांनी जन्मात बिडी ओढलेली नव्हती. छातीत काय साठलंय हे त्यांना ना कंपनीनं सांगितलं, ना डॉक्टरनं. बारावीनंतर आम्रपालीनं लॅबचा डिप्लोमा केला तो या खोकल्यापायी, असं तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं.

मी वर्षाराणी. त्याच संस्थेत कॉम्प्युटरवर आकडे भरते. माझं टेबल तेव्हा रक्ताच्या नळ्यांच्या फ्रीजरशेजारी होतं. म्हणून हे सगळं मला माहीत आहे. यातली एक चूक माझीही आहे, तीही सांगणार आहे.

अभ्यास असा होता की कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते मोजायचं. त्यासाठी जी ठिकाणं निवडली त्यात चिखलीच्या पलीकडचा खडकमळा होता. पूर्वी तिथं शेती होती. आता एका बाजूला पत्र्याची शेडं, दुसऱ्या बाजूला खोल्या, मधून एक नाला. एका शेडात जुन्या बॅटऱ्या फोडायचे. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या, टेम्पो भरभरून यायच्या. कोयत्यानं फोडायच्या, आतलं अ‍ॅसिड नाल्यात ओतायचं, प्लेटा भट्टीत घालून शिसं वितळवायचं. भट्टी पेटली की वस्तीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायच्या, कारण त्यांवर राखाडी पूड बसायची. तोंडाला गोडसर चव यायची. मुलं बॅटरीची रिकामी डबडी घेऊन घर-घर खेळायची.

संस्थेनं दिलेल्या फॉर्मात चौसष्ट प्रश्न होते. घराला रंग कधी दिला, हळद सुटी आणता की पाकिटातली, मूल काजळ घालतं का. भट्टीचा प्रश्न नव्हता. आम्रपालीनं तो समासात स्वतःच्या हातानं लिहायला सुरुवात केली: 'भट्टीपासून पावलं किती.' ती खरंच पावलं मोजायची. मला ते कॉम्प्युटरवर भरायला रकानाच नव्हता.

तीन महिन्यांत तिनं खडकमळ्यात एकशे शहाऐंशी मुलांचं रक्त घेतलं. लहान मुलाची शीर मिळणं सोपं नसतं. टोचायच्या आधी ती मुलाचा हात आपल्या दोन्ही तळहातांत धरून गरम करायची, त्याच्याशी कुत्र्यामांजरांच्या गप्पा मारायची, आणि बोलता बोलता सुई जायची. मग प्रत्येक आईला संमतीपत्र पुन्हा एकदा वाचून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "महिन्या-दीड महिन्यात रिपोर्ट येईल. मी स्वतः आणून देईन."

हे तिला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. पण कुणी अडवलंही नव्हतं.

स्वप्नाली ही त्यातलीच एक आई. परभणीकडची, बावीस-तेवीस वर्षांची. तिचा नवरा माऊली त्याच भट्टीवर बॅटऱ्या फोडायचा. मुलगी ईश्वरी, तीन वर्षांची. ईश्वरीची नळी एकशे सतरा नंबरची. संस्थेत कुणाचं नाव चालत नाही, नंबर चालतो.

आता माझी चूक. मार्चमध्ये बाहेरच्या लॅबमधून आकडे आले. ते फाईलमध्ये भरायचं काम माझं. शिसं पाचाच्या वर गेलं की काळजी करायची, पंचेचाळीसच्या वर गेलं की मूल दवाखान्यात न्यायचं, हे आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. मी भरत गेले. बावीस. एकोणतीस. अठरा. एकशे सतराच्या पुढं मी त्रेसष्ट लिहिलं. रकाना आपोआप लाल झाला. मला वाटलं, सर बघतीलच. मी फाईल सेव्ह केली, अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर सातव यांना पाठवली आणि चहाला गेले. तो चहा मला अजून आठवतो. आल्याचा होता.

एप्रिल गेला, मे गेला. आम्रपाली दर आठवड्याला विचारायची, "वर्षाताई, खडकमळ्याचं आलं का?" आकडे सरांच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत, अशी सूचना होती. मी म्हणायचे, "तपासणी चालू आहे." मीही तीच भाषा शिकले होते. खडकमळ्यातून जाताना बायका तिला हाका मारायच्या, ताई, रिपोर्ट? शेवटी तिनं वस्तीच्या मागच्या बाजूनं जायला सुरुवात केली.

जुलैमध्ये एका दुपारी आम्ही जेवत होतो आणि तिचा फोन वाजला. स्वप्नाली होती. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, लेकरू थरथरायलंय. ताप न्हाई काही न्हाई. डोळे वर गेलेत. मागल्या आठवड्यात बी असंच झालं होतं. काय करू मी?"

आम्रपालीनं डबा तसाच ठेवला. "रिक्षा करा आणि मोठ्या दवाखान्यात निघा. मी तिथं येते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. मी माझा कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला.

तिनं एकशे सतराची ओळ वाचली. मग शेजारची तारीख वाचली.

"मार्च," ती म्हणाली.

"हो."

"चार महिने, वर्षाताई."

ती निघून गेली.

दवाखान्यात मुलीला झटक्यांच्या औषधावर ठेवून दुसऱ्या दिवशी घरी पाठवणार होते. आम्रपालीनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना गाठून सांगितलं की हिच्या रक्तातलं शिसं तपासा. त्या म्हणाल्या, कशावरून? आम्रपालीनं आकडा सांगितला. सहभागी मुलाचा आकडा बाहेर सांगणं हा संस्थेच्या नियमांचा भंग होता. तिनं तो केला. दोन दिवसांनी नवा आकडा आला, चौऱ्याहत्तर. ईश्वरीला शिसं उतरवायच्या औषधांवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी स्वप्नालीला समोर बसवून सांगितलं की रक्तातलं बरंचसं उतरेल, पण हाडात आणि मेंदूत जे गेलंय त्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. मार्चमध्येच आणली असती तर, असं त्या बोलायला लागल्या आणि थांबल्या. आम्रपाली मागं उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ सातव सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. सगळ्या ऑफिसनं ऐकलं.

डॉक्टर गोरक्ष सातव तसे वाईट बोलणारे नव्हते. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. "तुझी तळमळ मला कळते," ते म्हणाले. "पण आपण संशोधन करतो, दवाखाना नाही चालवत. आकड्यांची फेरतपासणी बाकी होती. एकेका मुलाचे आकडे वाटायला लागलो तर वस्तीत घबराट होईल. अभ्यास बिघडेल."

"सर, एकशे सतरा नंबर म्हणजे ईश्वरी. तिला झटके आले."

"त्याचं मला वाईट वाटतं."

"तुम्ही मे महिन्यात परदेशात परिषदेला गेला होतात. तुमच्या पोस्टरवर या आकड्यांचा आलेख होता. छापखान्यातून ती गुंडाळी मीच आणली, आत काय आहे ते माहीत नसताना. तिथल्या लोकांनी पाहिला तेव्हा घबराट झाली नाही, आणि तिच्या आईला सांगितलं तर होईल?"

"तो एकत्रित आलेख होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं."

"नाव नव्हतं म्हणूनच तर ती पोर चार महिने भट्टीशेजारी खेळत राहिली!" तिचा आवाज असा चढलेला मी आधी कधी ऐकला नव्हता. "रक्त मी काढलंय, सर. एकशे शहाऐंशी आयांना मी शब्द दिलाय. मुलाच्या हातातून तीन मिली रक्त घेताना आपल्याला घाई होती. द्यायच्या वेळी फेरतपासणी?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "हा शब्द द्यायचा अधिकार तुला कुणी दिला होता?"

ती बाहेर आली. मला वाटलं राजीनामा देईल. तिनं कपाट उघडलं, कोरं संमतीपत्र काढलं आणि माझ्या टेबलावर आपटलं.

"नऊ नंबर वाचा."

नऊ नंबरची ओळ अशी होती: 'सहभागी व्यक्तीला अथवा पालकाला हवा असल्यास लेखी मागणी करून स्वतःचा अहवाल मिळवता येईल.' तिनं ती ओळ एकशे शहाऐंशी वेळा मोठ्यानं वाचली होती. संस्थेत ती दुसऱ्या कुणी एकदाही वाचली नसावी.

त्या संध्याकाळपासून ती अर्ज घेऊन खडकमळ्यात फिरायला लागली. कामाची वेळ संपल्यावर, स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या खर्चानं झेरॉक्स काढून. पहिला अर्ज स्वप्नालीचा. माऊली दारात उभा होता, हाताला पट्ट्या बांधलेल्या.

"ताई, भट्टी बंद पडली तर आम्ही जावं कुठं?" तो म्हणाला. "त्या कामावर तर घर चालतंय."

"भाऊ, तुमच्याच कपड्यांवरून ते घरात आलंय. मालकानं कधी सांगितलं तुम्हाला, की अंघोळ करून कपडे तिथंच ठेवून घरी जा?"

"न्हाई."

"नळ तरी आहे का शेडात?"

"न्हाई."

मग बायकोच्या सहीशेजारी त्यानंही सही केली. कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी मात्र सह्या केल्या नाहीत. काही जणी म्हणाल्या, चार महिने कुठं होतीस? एका बाईनं तिच्या तोंडावर दार लावलं. आम्रपाली उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पुढच्या दाराकडे गेली. ते दार लावणाऱ्या बाईचं बरोबरच होतं, असं ती नंतर म्हणाली.

खरी अडचण रतनबाईंची होती. शेडाची जागा त्यांची. गावातलं जुनं शेतकरी घर, सत्तरीची बाई, शब्दाला वजन असलेली. त्या नाही म्हणाल्या तर निम्मी वस्ती नाही म्हणणार होती, कारण निम्म्या खोल्याही त्यांच्याच. आम्रपाली गेली तेव्हा त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. नात संस्कृती, पाच वर्षांची, पोट धरून पायरीवर बसली होती.

"तुजं रिपोर्ट-बिपोर्ट मला नगं," रतनबाई म्हणाल्या. "आमी जागा भाड्यानं दिली. आत कोन काय करतंय त्ये आमी बगाया जात न्हाई."

"आजी, संस्कृतीचं पोट दुखतंय?"

"जंत असत्याल. औषध चालू हाय."

"किती दिवस?"

"झालं की वरीस."

"वर्षभर जंताचं औषध देतंय कोण?" आम्रपाली खाली बसली, पोरीचा हात धरला, हिरड्या पाहिल्या, पापणी ओढून पाहिली. "आजी, हिचा आकडा मी पाहिलेला नाही. खोटं सांगणार नाही. पण तुमचं घर भट्टीपासून साठ पावलांवर आहे, मी मोजलंय. आकडा कागदावर लिहिलेला आहे आणि एका कपाटात पडून आहे. तुम्ही मागितला नाही तर तो कुणीच मागणार नाही."

"आन त्यात वंगाळ निगालं, तर मंग लोक मलाच बोलत्याल न्हवं? जागा माजी म्हनून."

"हो," आम्रपाली म्हणाली. "बोलतील."

रतनबाईंनी तिला जायला सांगितलं. त्या दिवशी सही झाली नाही. पण सोमवारी सकाळी नव्वद अर्ज घेऊन आम्रपाली बायकांबरोबर बसमध्ये चढली तेव्हा रतनबाई संस्कृतीला घेऊन आधीच पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. अर्ज त्यांनी सुनेकडून लिहून घेतला होता. तो धरून एक्याण्णव झाले.

संस्थेच्या दारात पन्नासेक बायका, कामावर गेलेल्या शेजारणींच्या वतीनंही आलेल्या, काहींच्या कडेवर मुलं. वॉचमन म्हणाला, एकीनंच आत जा. आम्रपाली म्हणाली, रक्त एकीचं नाही घेतलं. त्यानं फाटक उघडलं. सातव सर खाली आले, खुर्च्या आणायला सांगितल्या, पाणी दिलं. मग म्हणाले की तुमची मागणी रास्त आहे, एथिक्स कमिटीपुढं ठेवू, पुढं प्रत्येकाचा वेगळा कागद तयार करायला दोन-तीन आठवडे लागतील.

मी जागेवरून उठले. "सर, कागद तयार आहेत," मी म्हणाले. शनिवारी मी एकटीनं बसून सगळ्यांचे रिपोर्ट वेगवेगळे छापले होते, पाकिटात घातले होते, वर नंबर टाकले होते. एकशे शहाऐंशी पाकिटं माझ्या टेबलाखाली दोन खोक्यांत होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. समोर पन्नास बायका होत्या आणि त्यांतल्या दोघी मोबाईलवर शूटिंग करत होत्या. ते म्हणाले, "मग द्या."

आम्रपाली फरशीवर बसली. एकेकीला हाक मारून, शेजारी बसवून, पाकीट फोडून वाचून दाखवायला लागली. दुपारपर्यंत ते चाललं. ज्यांचा आकडा पाचाच्या खाली होता अशी अकरा मुलं निघाली. एक्याण्णवांपैकी अकरा. पंचेचाळीसच्या वर सहा. काही बायका रडल्या, पण बऱ्याच जणी रडल्या नाहीत. एकीनं सरांना विचारलं, "तुमची पोरं कुठं राहत्यात, साहेब?" सर आत निघून गेले.

संस्कृतीचा आकडा एकेचाळीस होता. रतनबाईंनी कागद हातात घेतला, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी पाहिला. मग आम्रपालीला विचारलं, "ह्ये जंत न्हवं?"

"नाही, आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडाला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि दारात खाट टाकून बसल्या. भट्टीचा मालक गाडी घेऊन आला, करारनामा दाखवायला लागला. रतनबाईंनी कागद त्याच्या अंगावर फेकला. "माजी नात एकेचाळीस हाय," त्या ओरडल्या. "तुजी किती हाय त्ये सांग आदी!" माऊली आणि आणखी चार कामगार मालकामागं उभे होते. मालकानं त्यांना कुलूप तोडायला सांगितलं. कुणी हललं नाही.

तीन दिवसांनी पोलिसांसमोर मालकानं सामान हलवायची मुदत घेतली आणि टेम्पो भरून सगळं घेऊन गेला. आम्रपालीनं भट्टीची तक्रार सरकारी कचेरीत महिनाभर आधी दिलेली असताना तिथली माणसं त्यानंतर आली. रिकामं शेड पाहिलं आणि लिहून गेली: 'सदर ठिकाणी भट्टी आढळून आली नाही.' नाल्याच्या काठची माती कुणी उचलली नाही. ती तिथंच आहे आणि मुलं त्यातच खेळतात.

सहा मुलांवर उपचार झाले. संस्कृतीचा आकडा आता उतरतो आहे. ईश्वरीचाही एकोणीसवर आला. पण ती पाच वर्षांची झाली तरी दोन शब्दांच्या पुढं वाक्य जोडत नाही. अंगणवाडीताई म्हणाल्या, पोरगी जरा मंद आहे. आम्रपाली तिथं होती. ती म्हणाली, "मंद नव्हती हो ती. मी सुई टोचली तेव्हा तिनं मला पूर्ण गाणं म्हणून दाखवलं होतं." माऊली आता चाकणला गोदामात हमाली करतो. घर चालतंय, पण ओढून-ताणून.

आम्रपालीचा करार संस्थेनं वाढवला नाही. कारण दिलं नाही. माझी नोकरी राहिली, फक्त माझं टेबल आता जिन्याखाली आहे. सरांचा लेख गेल्या वर्षी छापून आला. मी तो पूर्ण वाचला. शिशाच्या संभाव्य कारणांत भिंतीचे रंग आहेत, मसाले आहेत, काजळ आहे. भट्टीला अर्धी ओळ आहे. पावलं कुठंच नाहीत. शेवटी आभार मानलेत, 'क्षेत्रीय कर्मचारी' यांचे. आम्रपालीला मी दाखवला तेव्हा तिनं तो चार तुकडे करून माझ्या हातात परत दिला.

ती आता दिघीतल्या एका लॅबमध्ये सकाळची ड्यूटी करते. भट्टी कुठं गेली ते तिनं माऊलीच्या जुन्या सोबत्यांकडून शोधून काढलं. चाकणच्या पुढं, एका गावाच्या कडेला, उसाच्या आड. तिथंही नाला आहे. तिथंही वस्ती आहे. रविवारी ती तिकडं जाते. हातात ना सुई, ना संस्थेचं ओळखपत्र. बायकांना गोळा करते, शिसं म्हणजे काय ते सांगते, तपासणी कुठं होते ते सांगते, ग्रामसभेत द्यायचा अर्ज लिहून देते.

मागच्या रविवारी मीही गेले. अंगणवाडीच्या पायरीवर नऊ बाया बसल्या होत्या. आम्रपाली बोलत असताना भट्टीवाल्याचा एक माणूस मोटारसायकलवर आला आणि गाडीवर बसूनच मोबाईलनं आमचे फोटो काढायला लागला. बाया पदर सावरून उठायला लागल्या. आम्रपाली वही घेऊन त्याच्याजवळ गेली.

"काढा, काढा," ती म्हणाली. "आणि तुमचं नाव सांगा. मालकाचंही सांगा. अर्जात लिहायचंय."

तो गाडीला किक मारायला लागला. तिनं हँडल धरलं.

"पूर्ण नाव," ती म्हणाली. "नंबर नकोय मला."